कोटा आणि कोटी

गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी दुपारी बाराला परळच्या एका मल्टिप्लेक्समध्ये मी एक मराठी विनोदी चित्रपट पाहिला. आम्ही सात जण होतो. त्यातले दोघे सर थांबेपर्यंत आडोशाला आलेले असावेत, कारण मध्यंतरानंतर ते दिसले नाहीत. पडद्यावर एक भाडेकरू, एक खोटी बायको, गावाकडून न कळवता उगवलेला एक मामा अशी नेहमीची मंडळी धावपळ करत होती आणि मागच्या रांगांत झाडू घेतलेला एक मुलगा आधीच्या खेळाचे पॉपकॉर्न गोळा करत होता. तो दोनदा हसला. आम्हा सातांपैकी कुणी हसल्याचं आठवत नाही.

त्या मुलावरून लंडनची एक जुनी गोष्ट आठवली. १९२७ साली ब्रिटिश संसदेनं चित्रपटांचा कायदा केला. तिकडची थिएटरं हॉलिवूडनं व्यापली होती. घरचा धंदा जगावा म्हणून सक्ती आली की थिएटरवाल्यांनी सुरुवातीला शंभरात पाच आणि वितरकांनी साडेसात इतके ब्रिटिश चित्रपट घ्यायचेच, आणि दहा वर्षांत हे प्रमाण विसावर न्यायचं. अमेरिकी कंपन्यांच्या लंडनमधल्या कचेऱ्यांनी लगेच तोड काढली. कोट्यापुरते चित्रपट त्यांनी अंगावर काम देऊन बनवून घ्यायला सुरुवात केली. दर ठरलेला, फुटाला एक पौंड. सहा हजार फुटांचा, म्हणजे तासाभराचा चित्रपट सहा हजार पौंडांत आणि दोन-तीन आठवड्यांत तयार. त्यांना तिकडे ‘कोटा क्विकी’ असं नाव पडलं. आपण झटपट रंगारी म्हणू. लंडनमधल्या काही थिएटरांत हे चित्रपट सकाळी, साफसफाईच्या बायका फरशी पुसत असताना चालवले जात, असं सांगतात. वहीत नोंद झाली, कायदा पाळला गेला.

बोलपट तेव्हा नुकताच आला होता. बोलायला माणसं हवीत, तीही स्वस्तात आणि पाठ करून आलेली. ती म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाणी-नकलांच्या थिएटरांत, होती. एर्नी लोटिंगा, लेस्ली फुलर अशी नकलाकार, सोंगाडी मंडळी रंगमंचावरचे आपले घासून गुळगुळीत झालेले प्रवेश घेऊन कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. त्या काळच्या स्वस्त ब्रिटिश चित्रपटांत विनोदी चित्रपटांचा भरणा एवढा का, याचं निम्मं उत्तर इथं आहे. विनोदाला महाल लागत नाही, लढाई लागत नाही. एक खोली, दोन दारं आणि एक गैरसमज पुरतो.

हे सगळं मराठी वाचकानं का वाचावं? कारण आपल्याकडेही कोटा आहे आणि तोही बऱ्याचदा झाडूच्या वेळेला भरला जातो. महाराष्ट्रात थिएटरच्या परवान्याला वर्षातून चार आठवडे मराठी चित्रपट दाखवण्याची अट आहे. दिवसाला चार खेळ धरले तर अठ्ठावीस दिवसांचे एकशेबारा. त्याशिवाय अनुदान आहे: समितीनं गुण देऊन ‘अ’ दर्जा दिला तर चाळीस लाख, ‘ब’ दिला तर तीस लाख, असे गेल्या दशकापासूनचे दर. आणि या दोन कुबड्यांवर जे चित्रपट उभे असल्याचा आरोप होतो, त्यांत पहिला नंबर स्वस्त विनोदी चित्रपटाचाच लागतो. तेव्हा प्रश्न सरळ आहे. या कुबड्या ठेवायच्या, काढायच्या, की त्यांची लांबी बदलायची?

काढा म्हणणाऱ्यांची बाजू आधी घेऊ, कारण ती मोठ्या आवाजात मांडली जात नाही. मराठीत ती मांडणं म्हणजे घरभेदीपणा समजला जातो. त्यांचं म्हणणं असं की सक्तीनं पडदा मिळतो, प्रेक्षक मिळत नाही. आणि जो माल कुणीतरी घेणारच अशी हमी असते, तो माल करताना हात आपोआप सैल पडतो. ब्रिटनमध्ये हेच झालं. कोट्याच्या चित्रपटांनी ‘ब्रिटिश चित्रपट’ या दोन शब्दांना असा वास लावला की इंग्रज प्रेक्षकच पाटी वाचून मागं फिरू लागला. धंदा वाचवायला केलेल्या कायद्यानं धंद्याचं नाव घालवलं. शेवटी १९३८ साली नवा कायदा करून किमान खर्चाची अट घालावी लागली. आपल्याकडे ‘मराठी ना? येईलच की टीव्हीवर’ हे वाक्य दादर स्टेशनच्या पुलावर कधीही कानावर पडतं. त्यामागं काय आहे? आळस थोडा, तिकिटाचा दर बराच, आणि अशा दुपारी बाराच्या चित्रपटांनी वर्षानुवर्षं कमावलेला अविश्वास.

ही बाजू मला पटते. पण तिच्यात एक गफलत आहे. ती स्वस्त आणि टाकाऊ हे शब्द एकाच अर्थानं वापरते.

गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात राहणाऱ्याला तरी ही गफलत होऊ नये. दादरच्या मेन रोडवर, ज्याला आज दादासाहेब फाळके रोड म्हणतात, चंदुलाल शहा आणि गोहर यांनी १९२९ साली रणजित स्टुडिओ काढला. बोलपट आल्यावर तिथून वर्षाला अर्धा डझनाहून अधिक चित्रपट निघत. गिरणीच्या पाळीसारखं काम: एक संच मोडला की त्याच फळ्यांवर दुसरा. त्यात १९३२ पासून घोरी आणि दीक्षित ही जोडी जमली. नझीर मोहम्मद घोरी मुंबईचे, मनोहर जनार्दन दीक्षित आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरचे. ‘चार चक्रम’, ‘भूतिया महल’ अशा चित्रपटांतून ती ‘भारताचे लॉरेल-हार्डी’ म्हणून गाजली. भाषा हिंदी, भांडवल गुजराती, विनोदाचा साचा अमेरिकी. यांतलं काहीही कोट्यानं झालं नव्हतं. समोर तिकीट काढणारा माणूस होता, तो हसला नाही तर पुढच्या आठवड्यात दुसरं काही लावायचं, एवढाच नियम.

(कोटा तेव्हा मागून झाला होता, हे जाता जाता सांगतो. १९२७-२८ मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं चित्रपट समिती नेमली. साम्राज्यातल्या चित्रपटांना, म्हणजे मुख्यतः ब्रिटिश चित्रपटांना, हिंदुस्थानात झुकतं माप द्यावं असा साहेबाचा होरा होता. समितीनं ते नाकारलं, उलट तिच्यातल्या भारतीय सभासदांनी थिएटरांत भारतीय चित्रपटांसाठी वाटा राखून ठेवावा अशी शिफारस केली. गोऱ्या सभासदांनी वेगळं मत नोंदवलं आणि अहवाल फडताळात गेला. आपला बोलपट त्यानंतर, १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये, कुणाच्याही राखीव जागेशिवाय उभा राहिला.)

कोल्हापूरकडे पाहिलं तरी हेच. हंस पिक्चर्सनं अत्र्यांच्या लेखणीवर आणि मास्टर विनायकांच्या दिग्दर्शनावर १९३८ मध्ये ‘ब्रह्मचारी’ काढला, त्यात मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख गाजला. मग विनायकांच्याच दिग्दर्शनात १९३९ मध्ये ‘ब्रँडीची बाटली’, १९४० मध्ये चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला घेऊन ‘लग्न पाहावं करून’. प्रभातच्या भव्य पौराणिक चित्रपटांपुढे हा सगळा मध्यमवर्गीय दिवाणखान्यातला मामला. विनोद मात्र अस्सल, कारण तो त्याच दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला ऐकवायचा होता.

माझ्या मते चित्रपट स्वस्त आहे की महाग याला फार अर्थ नाही. तो कुणाला दाखवायचा म्हणून केला आहे, हे विचारावं. कोटा क्विकीचं गिऱ्हाईक होतं कायदा. रणजितचं गिऱ्हाईक दाराशी रांगेत उभं होतं.

आणि खुद्द ब्रिटनमध्येही हा फरक त्याच काळात दिसला. विगन हे लँकेशायरमधलं कोळशाचं आणि कापसाचं गाव. तिथला जॉर्ज फॉर्म्बी म्युझिक हॉलमध्ये छोटा बँजो वाजवून चावट गाणी म्हणायचा. मँचेस्टरच्या जॉन ब्लेकली यांनी त्याला घेऊन १९३४ साली ‘बूट्स! बूट्स!’ काढला. चित्रण लंडनमध्ये एका गॅरेजच्या वरच्या खोलीत, खर्च तीन हजार पौंड. म्हणजे कोटा क्विकीच्याही निम्मा. लंडनच्या समीक्षकांनी नाकाला रुमाल लावला. उत्तरेकडच्या गिरणी-गावांनी मात्र तो डोक्यावर घेतला आणि थोड्याच वर्षांत फॉर्म्बी ब्रिटनच्या पडद्यावरचा सर्वांत मोठा नट झाला. बीबीसीनं त्याच्या काही गाण्यांवर बंदी आणली, त्यानं त्याचं काही बिघडलं नाही.

गिरण्या, भोळसट नायक, दुहेरी अर्थाची गाणी, वरच्या वर्गाची नाराजी, परीक्षकांची कात्री. मुंबईच्या माणसाला पुढचं नाव सांगायला नको. १९३२ साली नायगावला गिरणी कामगाराच्या घरात कृष्णा ऊर्फ दादा कोंडके जन्मला. बँड वाजवला, अपना बाजारात नोकरी केली, सेवादलाच्या कलापथकात सोंगं केली, वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’चे दीड हजारांवर प्रयोग केले आणि भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून पडद्यावर आला. लँकेशायरच्या गिरण्यांचं कापड आणि गिरणगावचं कापड एकमेकांशी वैर करत राहिलं. दोन्हीकडच्या कामगारांना हसवणारी माणसं मात्र एका मुशीतली निघाली. दादांच्या चित्रपटातलं गाव खरं तर लालबागच्या खोलीत बसून आठवलेलं गाव आहे. घाटावरून, कोकणातून आलेला, बायकामुलं गावी ठेवून खानावळीत जेवणारा माणूस लालबागच्या भारतमाता थिएटरात जाऊन दोन-अडीच तास गावी जाऊन येत असे. त्याचं तिकीट एसटीपेक्षा स्वस्त होतं.

दादांच्या विनोदाची तळी उचलायचा माझा इरादा नाही. उत्तरार्धात द्व्यर्थाचा एकच अर्थ उरला, आणि बाईचं शरीर हे विनोदाचं भांडवल होऊन बसलं. ‘सोंगाड्या’तली निरागसता पुढच्या दहा वर्षांत पातळ होत गेली. पण तो पातळपणा कोट्यानं किंवा अनुदानानं आणला नाही, यशानं आणला. हा भेद हिशेबात धरला पाहिजे, नाहीतर प्रत्येक वाईट चित्रपटाचं पाप आपण सरकारच्या खात्यावर लिहू.

आता ठेवा म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांचा सर्वांत चांगला साक्षीदारही दादाच.

१९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ दादरच्या कोहिनूरला लागणार होता आणि त्याच्या वाट्याचा पडदा देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी जाण्याची वेळ आली. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर गेले, ‘सोंगाड्या’ लागला आणि पुढचा इतिहास सर्वांना पाठ आहे. ही गोष्ट आपण नेहमी विजयकथा म्हणून सांगतो. जरा दुसऱ्या बाजूनं पाहा. जो चित्रपट पुढं आठवडेच्या आठवडे हाउसफुल्ल चालला, तो केवळ बाजारावर सोडला असता तर निदान त्या पडद्यावर पहिल्या दिवशी आला नसता. थिएटरवाला मूर्ख नव्हता, तो धोका टाळत होता. देव आनंद म्हणजे माहीत असलेला गल्ला. नायगावचा सोंगाड्या म्हणजे जुगार. प्रेक्षक काय निवडेल हे कळण्यासाठी आधी त्याच्यासमोर निवड ठेवावी लागते, आणि ती ठेवणं दरवेळी बाजाराच्या सोयीचं नसतं.

आणि दुसरं: कायद्याचा कोटा नसला तरी कोटा राहतोच, तो रस्त्यावर येतो. २०२५ च्या जुलैत ‘येरे येरे पैसा ३’ आणि ‘सैयारा’ एकाच शुक्रवारी लागले, ‘सैयारा’ला गर्दी लोटली, मराठी चित्रपटाचे खेळ कमी झाले आणि पुन्हा राजकीय पक्षांचे इशारे सुरू झाले. चौपन्न वर्षांत थिएटरं बदलली, पडदे वाढले, तंटा तोच राहिला. दगडाच्या भीतीनं मिळालेला खेळ आणि नियमानं मिळालेला खेळ यांत मी नियमाच्या बाजूनं आहे. नियमाला निदान अपील असतं.

ठेवा म्हणणाऱ्यांचा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो ब्रिटनच्या त्या बदनाम चित्रपटांतूनच निघतो. दिग्दर्शक मायकल पॉवेल यांनी १९३१ पासून पाच-सहा वर्षांत असे वीसेक चित्रपट केले. पैसे नाहीत, वेळ नाही, चूक झाली तर पुन्हा चित्रण नाही. पुढं ब्रिटिश चित्रपटातले सर्वांत धाडसी रंग ज्यांनी पडद्यावर आणले, त्यांची तालीम ही. पुढं मोठे दिग्दर्शक झालेले डेव्हिड लीन यांनी अशाच एका चित्रपटाचं संकलन केलं, नट एरॉल फ्लिन अशाच एका चित्रपटातून हॉलिवूडला गेला. म्हणजे झाडूवाल्या बायकांसमोर चाललेल्या त्या वेठबिगारीत एक शाळा चालू होती. मराठीतही कारागीर असेच तयार झाले. कॅमेऱ्यामागं सहाय्यक म्हणून उभं राहिलेलं पोर तिसऱ्या चित्रपटात दिवे लावायला शिकतं. तिसरा चित्रपट निघालाच नाही तर ते पोर मालिकेत जातं किंवा गावी जातं. चित्रपटाचा धंदा थोर कलाकृतींवर उभा राहत नाही. तो मधल्या, बऱ्या, विसरण्याजोग्या चित्रपटांवर चालतो आणि थोर कलाकृती त्यातून कधीतरी अवचित निघते.

हे मान्य करूनही एक शंका उरतेच. पॉवेल एक, आणि त्याच्यामागं नाव हरवलेले शेकडो. शाळा म्हणून हा खर्च परवडतो का? मला वाटतं, परवडतो. पण फी कुणी भरायची हे ठरवायला हवं.

इथं १९७५ सालाकडे जावं लागतं. त्या वर्षी महाराष्ट्र सरकारनं मराठी निर्मात्यांसाठी करपरताव्याची योजना आणली. मराठी चित्रपटाच्या तिकिटांवर गोळा झालेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळायचा, मात्र तो पुढच्या मराठी चित्रपटात घालायचा. या योजनेची रचना मला आजच्या अनुदानापेक्षा जास्त शहाणी वाटते, कारण तिच्यात परीक्षक प्रेक्षकच होता. जितकी तिकिटं खपली तितका परतावा. कुणाच्या पुढं गुणपत्रिका धरायची गरज नव्हती. दादांचा ‘पांडू हवालदार’ त्याच वर्षीचा. पुढं १९८० च्या दशकात महेश कोठारे, सचिन, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या चित्रपटांची जी लाट आली, ‘धूमधडाका’, ‘गंमत जंमत’, ‘अशी ही बनवाबनवी’, तिच्या मुळाशी या लोकांची अक्कल आणि मेहनत होती हे खरंच, पण खालची जमीन या योजनेनं बरीच भिजवलेली होती. बेर्डे गिरगावचे, सराफ ग्रँट रोडच्या चिखलवाडीतले. दोघांच्या विनोदाची गती चाळीच्या गॅलरीची आहे: एका दारातून शिरायचं, दुसऱ्यातून निघायचं, मधल्या वेळात तीन घरांत खोटं बोलायचं.

पण या शहाण्या योजनेतही खोट होती. परतावा पुढच्या चित्रपटातच घालायचा ही अट म्हटली की पुढचा चित्रपट काढणं भागच. आणि लवकर काढला तर पैसा लवकर सुटतो. कथा तयार असो वा नसो. लाटेच्या शेवटी शेवटी तोच गैरसमज, तीच वेषांतरं, तीच जोडी, फक्त बंगल्याचा रंग वेगळा, असे जे चित्रपट आले, त्यांत नक्कल करणाऱ्यांचा आळस होता तसा या अटीचाही वाटा असावा असा माझा तर्क आहे. शिवाय ज्याला आधीच मिळतं त्यालाच अधिक, हा तिचा दुसरा दोष. गर्दी न खेचणाऱ्या चांगल्या चित्रपटाच्या हाती तिच्यातून काय पडणार? ‘श्वास’सारखा चित्रपट २००४ मध्ये आला आणि मराठी चित्रपटाला पुन्हा मान मिळवून दिला. तशा चित्रपटाला पहिल्या पायरीवर हात द्यायचा तर समिती लागतेच. प्रेक्षकाचं मत पुष्कळदा उशिरा येतं.

मग समितीचं काय? समितीला मी नाव ठेवत नाही. तिला दिलेलं काम अवघड आहे. पंधरा-वीस चित्रपट ओळीनं पाहायचे आणि प्रत्येकाला कथेचे, पटकथेचे, अभिनयाचे, संगीताचे गुण द्यायचे. यात विनोदावर नेमका अन्याय होतो. गंभीर चित्रपट बंद खोलीत चार जणांसमोरही गंभीर राहतो. विनोदी चित्रपट भरलेल्या थिएटरातच पूर्ण होतो, हशाच्या लाटेला जागा सोडून संवाद लिहिलेले असतात. ‘बनवाबनवी’ कोऱ्या चेहऱ्याच्या पाच माणसांसमोर लावून पाहा. बायकांच्या वेषातले दोन पुरुष आणि एक भाड्याची खोली, एवढंच दिसेल. म्हणून समितीसाठी चित्रपट काढणारा हुशार निर्माता विनोदात एक सामाजिक प्रश्न कालवतो. शेतकरी, पर्यावरण, मोबाईलचं व्यसन, काहीही. त्यानं गुण वाढत असतील. हशा हमखास कमी होतो. परळला त्या मंगळवारी मामा शेवटच्या रिळात पाणी वाचवण्यावर बोलला.

खर्चाची किमान मर्यादा घाला, मग भुरटे आपोआप गळतील, असं सुचवणारे आपल्याकडेही आहेत. १९३८ च्या ब्रिटिश कायद्याचा हाच मार्ग. तो मला मान्य नाही. त्यानं भुरट्यांबरोबर ‘बूट्स! बूट्स!’ही गळाला असता. जास्त पैसे घातले की जास्त हसू येतं, असा पुरावा जगात कुठं सापडलेला नाही, आणि दादरच्या मेन रोडवर तर उलटाच पुरावा पडलेला आहे.

राहिला कोट्याच्या वेळेचा प्रश्न. २०१५ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात लावण्याची घोषणा केली. त्यावर दही-मिसळ आणि वडापावचे टोमणे आले, त्या टोमण्यांवर मोर्चे निघाले, आणि या गदारोळात ‘सहा ते नऊ’चं ‘बारा ते नऊ’ कधी झालं हे फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. टोमणा मारणाऱ्यांना आपण वडापाव पाठवले, आणि दुपारचे बारा मुकाट्यानं पदरात घेतले. माझ्या लेखी त्या सगळ्या प्रकरणातला महत्त्वाचा बदल तोच होता. दुपारी बाराला कोण जातं चित्रपटाला? पूर्वी तिसऱ्या पाळीचा कामगार झोप काढून मॅटिनीला जायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पाळ्या संपल्या, मॅटिनीचा माणूस संपला. आज परळच्या काचेच्या इमारतीत काम करणारा सातला सुटतो आणि विरारची गाडी पकडतो.

थिएटरवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. त्याचं वीजबिल, भाडं, कर्मचाऱ्यांचे पगार चित्रपटाची भाषा पाहत नाहीत. संध्याकाळचा खेळ म्हणजे त्याच्या दिवसाची निम्मी कमाई, आणि पॉपकॉर्नची त्याहून अधिक. ती सक्तीनं रिकाम्या खुर्च्यांना द्यायला लावणं अन्यायच आहे. एकपडदा थिएटरवाल्यांनी तर हा अन्याय सहन करायलाही शिल्लक राहायला हवं: दादरचं चित्रा २०१९ मध्ये बंद झालं, कोहिनूर नाही, मॅजेस्टिकची जागा १९७० च्या दशकातच इमारतीनं घेतली. गिरणीच्या जमिनीवर उभं असलेलं भारतमाता जागेच्या वादातून तगून राहिलं ते कलावंतांच्या आंदोलनामुळं आणि लालबागच्या माणसाच्या हट्टामुळं.

दोन्ही पारडी मांडून झाली. माझा कौल असा. चार आठवड्यांची अट मोडीत काढून तिच्या जागी वेळेची अट आणावी: प्रत्येक नव्या मराठी चित्रपटाला, तो कितीही स्वस्त असो, पहिल्या शुक्रवार, शनिवार, रविवारी काही ठरावीक थिएटरांत संध्याकाळचा एक खेळ. त्यापलीकडे काही नाही. रिकाम्या खुर्च्यांचं नुकसान झालंच तर तीन संध्याकाळींचं होईल, अठ्ठावीस दिवसांचं नाही. अनुदानाचे दोन भाग करावेत. एक समितीचा, पण तो पटकथेवर आणि आधी द्यावा, म्हणजे पहिलं पाऊल टाकणाऱ्याला उपयोगी पडेल. दुसरा तिकिटांवर, १९७५ च्या धर्तीवर. आणि शंभर रुपयांच्या आतल्या तिकिटाला त्यात जास्त वजन द्यावं, म्हणजे भारतमातासारख्या थिएटरात चित्रपट चालवणं निर्मात्याच्याही फायद्याचं होईल. करमणूक कर २०१७ मध्ये जीएसटीत विरघळला, तेव्हा परताव्याचं गणित नव्यानं मांडावं लागेल, पण प्रत्येक तिकिटाची नोंद आता संगणकावर असते. १९७५ च्या कारकुनानं ते खतावणीत केलं होतं.

यावर आक्षेप येईल, आणि तो खरा आहे: निर्मातेच आपली तिकिटं विकत घेतील, खोट्या हाउसफुल्लच्या पाट्या लावतील. लावतील. म्हणून तिकिटामागची मदत तिकिटाच्या किमतीपेक्षा बरीच कमी ठेवावी. शंभराचं तिकीट घेऊन वीस मिळत असतील तर खोटी गर्दी करणारा स्वतःच्या खिशातून हसेल. दुसरा आक्षेप असा की तीन दिवस पुरत नाहीत, तोंडी प्रसिद्धीला आठवडा लागतो. पूर्वी लागायचा. आता मध्यंतरातच लोक फोनवर निकाल लावतात.

उरतो सोमवार. तीन संध्याकाळी मिळूनही सोमवारी ज्याच्या खेळाला सातच माणसं आली, त्याचा पडदा थिएटरवाल्यानं खुशाल दुसऱ्याला द्यावा, त्यासाठी कुणी दगड उचलू नये. आणि ज्याला सोमवारीही रांग लागली, त्याला मंगळवारी दुपारी बाराला ढकलू नये.